बंद डॅम्पर

दुकान असो, दवाखाना असो की चार मजल्यांचं ऑफिस, माणूस आमच्याकडे आला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती टन लागेल?" जागेचं माप तो पाठ करून आलेला असतो, शेजाऱ्याने तेवढ्याच जागेत किती टन बसवले तेही त्याला ठाऊक असतं. टन हे माप बर्फाच्या व्यापारातून आलं. अमेरिकी टनभर, म्हणजे 2000 पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता ओढणारं यंत्र एक टनाचं. विजेच्या मापात साधारण साडेतीन किलोवॉट. हे समजावून सांगायला मला आवडतं, कारण त्यातून समोरच्याच्या एक गोष्ट पटकन लक्षात येते. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मग पुढचा प्रश्न तोच विचारतो, की आत एवढी उष्णता येते कुठून. काचेतून येते, तापलेल्या स्लॅबमधून येते, दिवे, कॉम्प्युटर आणि माणसं यांच्याकडून येते. आणि बाहेरच्या हवेबरोबर येते.

या शेवटच्या बाबीपाशी बोलणं अडतं. बाहेर गरम आहे म्हणून तर एसी लावतोय, मग बाहेरची हवा आत घ्यायचीच कशाला? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर देण्यातच माझी नोकरीतली आणि नंतर स्वतःच्या धंद्यातली बरीच वर्षं गेली. मोठ्या वातानुकूलित इमारतीत बाहेरच्या भिंतीला एक जाळी असते, जाळीमागे फिल्टर आणि फिल्टरमागे पत्र्याच्या पात्यांची झडप. तिला आम्ही फ्रेश एअर डॅम्पर म्हणतो. आतल्या माणसांना श्वासासाठी लागणारी हवा तिथून येते. नवीन साइटवर तपासणीला गेलो की मी आधी हा डॅम्पर बघतो, आणि बहुतेक ठिकाणी तो बंद सापडतो. कुठे त्याचा दांडा तारेने करकचून बांधलेला, कुठे जाळीवर बाहेरून थर्माकोल चिकटवलेला, तर कुठे वर्षानुवर्षं न हलल्याने पाती गंजून एकमेकींना धरून बसलेली.

मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि पुण्यात एका कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. तिथले आमचे वस्ताद आधी मुंबईच्या एका कापड गिरणीत होते, ह्युमिडिफिकेशन खात्यात. 1982 च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड उभी राहिली नाही, तेव्हा ते पाने-पक्कड घेऊन पुण्याला आले. त्यांच्याकडून मी पहिल्यांदा ऐकलं की गिरणीत हवेचं एक खातंच असायचं. कापसाचं सूत कोरड्या हवेत ठिसूळ होतं, तुटतं. तंतूंवर स्थिर वीज साठते आणि ते एकमेकांपासून फाकतात. म्हणून पाण्याच्या फवाऱ्यांतून हवा धुऊन, ओली करून, मोठ्या डक्टमधून साच्यांवर सोडायची. आर्द्रता घसरली की विणाईचा मास्तर वस्तादांच्या नावाने ओरडायचा. सूत तुटू नये म्हणून विणकर त्या ओलसर उकाड्यात अख्खी पाळी उभा राहायचा. "सगळी हवा सुतासाठी होती," वस्ताद सांगायचे, "माणूस तिथे होता म्हणून त्याला मिळत होती."

पुढे पुस्तकं वाचू लागलो तेव्हा कळलं की या तंत्राचा जन्मच तसा आहे. 1902 मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यासाठी जी योजना आखली, तिच्यामागे तिथल्या कामगारांचा घाम नव्हता. दमट दिवसांत कागद फुगायचा, कोरड्या दिवसांत आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. थंड कॉइलवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढायचं, म्हणजे कागद स्थिर राहील, हा तो उपाय. पुढे थिएटरं आली, हॉटेलं आली, ऑफिसं आली आणि माणसाला गार वाटावं म्हणून हेच यंत्र लागू लागलं. पण कागदाला श्वास घ्यावा लागत नाही. सुतालाही नाही. गिरणीला उंच छप्पर होतं, खिडक्या होत्या. आजच्या काचेच्या इमारतीत उघडणारी खिडकी नाही, त्यामुळे हवेची सगळी जबाबदारी यंत्रावर, म्हणजे ते चालवणाऱ्या आमच्यासारख्यांवर येऊन पडते.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका कॉल सेंटरची तक्रार मला नेहमी आठवते, कारण तिथे या विषयातलं जवळजवळ सगळं एकाच मजल्यावर भेटलं. काम रात्रपाळीचं. मध्यरात्र उलटली की लोक पेंगतात, डोकी दुखतात, चुका वाढतात. म्हणून अ‍ॅडमिनने तापमान कमी करत करत 19 वर आणून ठेवलं होतं. मुली शाली पांघरून फोन घेत होत्या आणि तरीही "इथे गुदमरतंय" म्हणत होत्या. अ‍ॅडमिनच्या साहेबांना वाटत होतं की चिलरची ताकद कमी पडतेय.

मी एएचयू रूमचं, म्हणजे हवा गार करून मजल्यावर फिरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटच्या खोलीचं, दार उघडलं. अशा इमारतींत बऱ्याचदा ती खोलीच परतीच्या हवेची वाट असते, म्हणजे मजल्यावरची हवा फॉल्स सीलिंगवरून त्या खोलीत येते आणि तिथून कॉइलमधून परत मजल्यावर जाते. त्या खोलीत झाडू, ओले पोछे, फिनाइलचे कॅन आणि जुन्या खुर्च्या रचलेल्या. त्यांचा सगळा वास दर काही मिनिटांनी दोनशे माणसांच्या नाकातून फिरून येत होता. कोपऱ्यात डॅम्पर, तारेने बांधलेला. ऑपरेटरला विचारलं, "दादा, हा कोणी बंद केला?" तो म्हणाला, "मी लागलो तेव्हापासून असाच आहे. बिल वाढतं म्हणतात." आणि हे सगळं डिसेंबरच्या रात्री चाललेलं! बाहेर 14 अंशांची कोरडी, स्वच्छ हवा होती. भिंतीच्या पलीकडे फुकट गारवा उभा होता आणि अलीकडे चिलर वीज खात तोच गारवा तयार करत होता.

मी कार्बन डायऑक्साइडचं मीटर मजल्याच्या मधोमध ठेवलं. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण आज सव्वाचारशे पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत तेवढ्या भागांच्या, आसपास असतं. बंद जागेत ते चढत गेलं, तर तो वायू माणसांच्या उच्छ्वासातून आलेला असतो. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी आपण एकमेकांनी सोडलेली हवा परत आत घेतोय. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच ही खूण सुचवली होती: खोलीतला कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या वर गेला, की हवा शिळी झाली असं समजावं. त्या मजल्यावर आकडा दोन हजारांच्या बराच पुढे होता. डॅम्पर उघडला, फिल्टर धुतला, झाडू-पोछ्यांसाठी दुसरी जागा मागून घेतली. पाळी संपेपर्यंत आकडा हजाराच्या आत आला. तापमान मी 24 वर नेलं आणि कोणीही कमी करायला सांगितलं नाही. त्यांना थंडी कमी पडत नव्हतीच.

डॅम्पर बंद करणाऱ्याला मी मूर्ख मानत नाही. त्याच्याकडेही हिशेब असतो आणि तो खोटा नसतो. जुलैतल्या मुंबईचं उदाहरण मी वहीवर मांडून दाखवतो. ऑफिसात शंभर माणसं. बसून काम करणारा माणूस सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. शंभर जणांची मिळून साडेतीन टन. आता त्यांना माणशी 17 सीएफएम (मिनिटाला 17 घनफूट) म्हणजे एकूण 1700 सीएफएम बाहेरची हवा द्यायची. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता. ती हवा आतल्या पातळीवर आणायला नऊ टनांच्या आसपास लागतात. माणसांच्या अडीचपट! आणि त्यातला मोठा वाटा हवा गार करण्यात जात नाही, तिच्यातलं पाणी पिळून काढण्यात जातो. एवढ्या हवेतून तासाला पस्तीस लिटरहून जास्त पाणी कॉइलवर निथळतं. पावसाळ्यात मुंबईच्या इमारतींच्या ड्रेन पाइपमधून धो धो वाहणारं पाणी बघितलं की लोकांना गळती वाटते. ती बाहेरच्या हवेतली वाफ असते.

तोच हिशेब एप्रिलच्या दुपारी पुण्यात केला तर गंमत होते. बाहेर 38 अंश, अंगाची लाही होत असते, पण हवा एवढी कोरडी की तिच्यातलं पाणी आतल्या हवेपेक्षाही कमी. तेवढ्याच 1700 सीएफएमला दोन-अडीच टनांत भागतं. म्हणजे रखरखीत पुण्याची हवा ओल्या मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि हिवाळ्याच्या रात्री तर ती आपल्यालाच पैसे देते. हे माहीत नसल्यामुळे पुण्यातही डॅम्पर मुंबईसारखाच बारा महिने बंद राहतो. एकच डॅम्पर केव्हा किती उघडा असावा हे ऋतूवर, शहरावर आणि आत किती माणसं आहेत त्यावर ठरतं. ते ठरवणारा माणूस मात्र बहुतेक इमारतींत नेमलेलाच नसतो.

खर्च वाचवायला हवा बंद करायची, हे आपल्याकडचंच खूळ आहे असंही नाही. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इमारती हवाबंद होऊ लागल्या आणि तिथल्या अ‍ॅशरे या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1981 च्या मानकाने ऑफिसांसाठी ताज्या हवेचं किमान प्रमाण माणशी 5 सीएफएमवर आणलं. त्याच दशकात डोकेदुखी, डोळ्यांची चुरचुर, सतत सर्दी अशा तक्रारी ऑफिसा-ऑफिसांतून येऊ लागल्या, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेलाही बोलावं लागलं. 1989 मध्ये मानक बदललं आणि ऑफिसांसाठी आकडा 20 वर गेला. एवढी मोठी यंत्रणा, एवढे अभ्यासक, आणि तरी एका पिढीने डोकेदुखी सोसल्यावर ते शहाणपण आलं. आपण ते आयतं घ्यायला हरकत नव्हती.

हॉटेलांची, म्हणजे जेवणाच्या हॉटेलांची, गोष्ट वेगळ्याच टोकाची. तिथे हवा आत घ्यायची झडप सहसा नसतेच. बाहेर फेकणारा पंखा मात्र जबरदस्त असतो. भटारखान्यातल्या शेगड्यांवर हूड बसवतात आणि मिनिटाला चार-पाच हजार घनफूट हवा बाहेर ओढतात. ओढायलाच हवी, नाहीतर आचाऱ्याचा जीव जाईल. पण तेवढी हवा आत कुठून यावी याचा विचार नकाशात नसतो. हवेला जागा मोकळी ठेवता येत नाही. दार सापडलं तर दारातून, नाहीतर बेसिनच्या जाळीतून, संडासाच्या फटीतून, लिफ्टच्या पोकळीतून ती येणारच.

कोथरूडच्या बाजूला एका नव्या रेस्टॉरंटच्या मालकांनी मला आणखी पाच टनांचं कोटेशन मागितलं होतं. मी जेवायच्या हॉलचं दार उघडायला गेलो तर ते दोन्ही हातांनी ओढावं लागलं आणि सोडल्यावर धाडकन मिटलं. आत शिरताच वास आला तो जेवणाचा नव्हे, ड्रेनेजचा. मालक म्हणाले, "प्लंबर दोनदा बोलावला, काही सापडत नाही." प्लंबरला सापडणार नव्हतंच. भटारखान्याचा पंखा हॉलमधली विकत घेतलेली गार हवा चिमणीतून आकाशात फेकत होता आणि तिच्या जागी सगळ्या फटींतून गरम, वासाची हवा आत येत होती. वाढीव पाच टनही त्याच चिमणीतून गेले असते. मी म्हणालो, "शेठ, एसी नको, भटारखान्यात हवा देणारा पंखा बसवा. जेवढी बाहेर फेकता त्यातली ऐंशी-नव्वद टक्के तिथल्या तिथे द्या." फिल्टर आणि पाण्याचा पॅड लावलेला पंखा बसला, आचाऱ्यांनाही थोडा गारवा मिळाला, दार एका बोटाने उघडू लागलं आणि वास गेला. एसीवाल्याने एसी विकायला नकार दिला याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. मला त्या कामाचा आजही आनंद आहे.

कोकणात आणि गोव्यात हाच प्रकार भिंती आणि छतं खातो. समुद्राकाठच्या हॉटेलात एक्झॉस्ट जास्त आणि आत येणारी हवा कमी असली, की बाहेरची खारी, ओलीगच्च हवा फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत शिरते. तिथून थंड डक्ट गेलेला असतो, 13-14 अंशांचा. इन्सुलेशन जिथे फाटलंय तिथे पाणी धरतं, सीलिंगवर पिवळे डाग पडतात, मग काळी बुरशी. मालक दरवर्षी रंग काढतो. रंगाऐवजी खोलीत थोडी कोरडी केलेली हवा जास्त दिली, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वर राहिला, तर ती ओल आत शिरणारच नाही. हे पटवायला मला नेहमी वेळ लागतो, कारण डाग दिसतो आणि दाब दिसत नाही.

हीटिंगचं म्हणाल तर आपल्या राज्यात त्याचं काम थोडं. तरी मी ते सर्वांत जास्त वापरलं ते भर पावसाळ्यात, ऑपरेशन थिएटरांत. सर्जनना 20-21 अंश हवे असतात आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत ठेवायची असते. जुलैच्या हवेतलं पाणी काढायचं तर ती आधी 11-12 अंशांपर्यंत उतरवावी लागते. तशीच सोडली तर टेबलावरचा रुग्ण काकडेल. म्हणून कॉइलनंतर हीटर लावून ती पुन्हा थोडी तापवायची. एका डॉक्टरांनी बिल हातात घेऊन विचारलं होतं, "पावसाळ्यात हीटर? आधी थंड करता, मग गरम करता, हे काय चाललंय?" त्यांच्याच टेबलावर थंड पाण्याचा ग्लास होता, बाहेरून ओला झालेला. म्हटलं, "डॉक्टर, हे पाणी हवेतलं आहे. हवा एवढी गार केल्याशिवाय ते सुटत नाही." त्यानंतर त्यांनी कधी हीटर बंद करायला सांगितलं नाही.

थिएटरची हवा आपल्याकडे आता बऱ्यापैकी नीट होते. रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या एनएबीएचचं मानांकन हवं असलं की तासाला किमान वीस वेळा हवा बदलली पाहिजे, त्यातली चार वेळा बाहेरची, शेवटी हेपा फिल्टर आणि आतला दाब बाहेरच्या बोळापेक्षा जास्त. तपासायला माणसं येतात, कागद होतात, म्हणून मालक खर्चही करतो. पण त्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर ओपीडीच्या बाहेरची जागा बघा. साठ-सत्तर माणसं दाटीने बसलेली, त्यातली निम्मी खोकणारी, छताला दोन कॅसेट एसी आणि खिडक्या सिलिकॉनने बंद. कॅसेट असो की भिंतीवरचा स्प्लिट, तो खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत तिथेच सोडतो. बाहेरची हवा तो घेत नाही, घेऊच शकत नाही. क्षयाचे जंतू हवेतूनच पसरतात हे ज्या इमारतीत सर्वांना माहीत आहे, तिथे हवेचा सर्वांत कमी विचार रांगेत बसलेल्या माणसासाठी झालेला असतो. मला याचा राग येतो. आजही येतो.

बँकेची शाखा, छोटं क्लिनिक, कोचिंग क्लास या सगळ्यांचं दुखणं तेच. एका क्लासच्या वर्गात चाळीस मुलं, दारं बंद, दोन स्प्लिट चालू. मीटर तासाभरात तीन हजारांच्या वर गेलं. सर म्हणत होते, "दुपारच्या बॅचला मुलं लक्षच देत नाहीत." मी मीटर त्यांच्या हातात दिलं आणि खिडकी उघडली. आकडा उतरताना त्यांनी स्वतः पाहिला. अशा वेळी माझं बोलणं कमी पडतं आणि मीटर काम करतं. पुढे तिथे दोन पंखे बसले, एक फिल्टरमधून हवा आत घेणारा आणि एक समोरच्या भिंतीतून बाहेर टाकणारा. एसीला थोडं जास्त काम पडलं, बिल थोडं वाढलं, सरांनी ते मान्य केलं.

कोविडच्या काळात काही महिने असे गेले की लोक टन विसरले आणि हवेबद्दल विचारू लागले. जानेवारी 2020 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. एसीची हवा त्याच पट्ट्यात गोल फिरत होती आणि बाहेरची हवा जवळजवळ येत नव्हती. आमच्या धंद्यातल्या सर्वांनी तो टेबलांचा नकाशा पाहिला असेल. इश्रे या आपल्या देशातल्या अभियंत्यांच्या संस्थेने एप्रिल 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: तापमान 24 ते 30, आर्द्रता 40 ते 70 टक्के, बाहेरची हवा जमेल तेवढी जास्त. मला मात्र फोन यायचे ते निळे दिवे, आयनायझर आणि जंतू मारणाऱ्या डब्यांच्या चौकशीचे. मी विचारायचो, "डॅम्पर उघडलाय का?" पलीकडे शांतता. त्या काळात मी किती इमारतींत तारा कापल्या आणि गंजलेली पाती तेल घालून सोडवली याची मोजदाद नाही. आणि पुढे ऑफिसं पूर्ण भरू लागल्यावर, बिलं वाढल्यावर, त्यातली बरीच पुन्हा बंद झालेली पाहिली.

"बाहेरची हवा तरी कुठे स्वच्छ आहे?" हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पुण्यात सगळीकडे खोदकाम, धूळ, धूर. म्हणून जाळी कुठे आहे हे आधी बघावं लागतं. पार्किंगच्या उतरणीवर, जनरेटरच्या धुराड्याशेजारी उघडणाऱ्या जाळ्या मी पाहिल्या आहेत. कूलिंग टॉवरच्या तुषारांत असलेल्याही. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर अनेक जण न्यूमोनियाने दगावले आणि त्यातून लिजिओनेला या जंतूचा शोध लागला, तेव्हा संशय वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यावरच गेला होता. जाळी उंचावर, धुरापासून आणि तुषारांपासून लांब हवी आणि तिच्यामागे चांगला फिल्टर हवा, धुऊन चाळणी झालेला नव्हे. धूळ फिल्टरमध्ये अडवता येते. माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोणताही फिल्टर अडवत नाही. तो हवा बदलूनच जातो.

खर्चाचं उत्तरही आता हातात आहे. हीट रिकव्हरी व्हील नावाचं हळू फिरणारं मोठं चाक बाहेर जाणाऱ्या शिळ्या, गार, कोरड्या हवेतला गारवा आणि कोरडेपणा आत येणाऱ्या हवेला देतं. चांगलं चाक गमावलेल्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास परत मिळवतं. परतीच्या डक्टमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावून त्यावर डॅम्परची मोटर चालवली, तर मजला अर्धा रिकामा असताना हवा आपोआप कमी होते. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला की त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते, हा तर पंख्यांचा मूळ नियम. आणि सर्वांत सोपं, तापमान. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते. 19 वर गारठून बसलेल्या ऑफिसने 24 वर यावं आणि वाचलेले पैसे डॅम्परला द्यावेत, हा सौदा मी अनेकांशी केलाय. तो मोडलेला फारसा आठवत नाही.

आता मी वार्षिक देखभालीच्या करारात दोन ओळी वेगळ्या घालतो. फिल्टर, कॉइल, बेल्ट, गॅसचा दाब यांच्या यादीत डॅम्परची स्थिती दर भेटीला लिहायची आणि मजल्यावरचा कार्बन डायऑक्साइड गजबजलेल्या वेळी मोजून नोंदवायचा. सुरुवातीला काही ग्राहक म्हणाले, हे कशाला. मग त्यांच्याच एचआरने तो कागद नोटीस बोर्डावर लावायला मागून घेतला. लोक आकडा बघू लागले. एका ऑफिसात तर आकडा चढला की कर्मचारीच ऑपरेटरला फोन करतात.

काम सोपवण्याच्या दिवशी मालक आणि आर्किटेक्ट हजर असतातच, पण मी रात्रपाळीचा ऑपरेटर, सिक्युरिटी गार्ड आणि हाउसकीपिंगच्या मावशींनाही एएचयू रूममध्ये नेतो. रोज तिथे जाणारी माणसं तीच. डॅम्परच्या दांड्यावर लाल खूण केलेली असते, खुणेच्या मागे दांडा गेला तर कोणाला सांगायचं ते दारावर मराठीत लिहिलेलं असतं. परवा अशाच एका ठिकाणी मावशींनी विचारलं, "मग आमचे पोछे ठेवायचे कुठे?" त्यांचं बरोबर होतं, नकाशात त्यांच्यासाठी जागाच नव्हती. आर्किटेक्ट तिथेच उभे होते. जिन्याखाली नळासकट एक कोनाडा काढून द्यायचं ठरलं आणि ते काम पुढच्या आठवड्याच्या यादीत पहिलं लिहिलंय.